आठ वर्षं काढे प्यालेली बाई

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात मी तरुणपणी कंपाउंडर होतो. तिथे एकदाच आलेली एक धनगरीण अजून आठवते. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आजवर काय उपाय केले, असं डॉक्टरांनी विचारलं तशी ती बोटांवर मोजू लागली. वैदूचा काढा, हकिमाची पुडी, अक्कलकोटचा अंगारा! स्वतःची बोटं संपली, तेव्हा तिने नवऱ्याचा हात ओढला आणि त्याच्या बोटांवर पुढची मोजणी सुरू केली.

तिला तपासून डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, "हिच्यात काही दोष नाही. आता तुम्हाला तपासायला हवं."

तो ताडकन उठला. "मला? मी काय बाई हाय व्हय?"

ती शांतपणे म्हणाली, "कळपातल्या मेंढ्या गाभण न्हाय राहिल्या, तर तुमी पैला मेंढाच बगता की!"

मला हसू आवरेना, म्हणून मी पाठ फिरवून बाटल्या पुसू लागलो. नवरा मुंडासं सारखं करत पडद्याआड गेला.

दोष त्याच्यातच निघाला. "गुण येईलच असं नाही, पण प्रयत्न करू," डॉक्टर म्हणाले. मी दिलेला पहिला डोस घेताच त्याचं तोंड वाकडं झालं.

"लई कडू हाय की!"

तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. "असू द्या. तुमचा पैलाच दिस हाय."

त्यांना मूल झालं की नाही, मला कळलं नाही. पण जाताना बाटली त्याच्या हातात होती, आणि ती मोकळ्या हातांनी पुढे चालली होती.