करवंटीवरचा चेंडू

मुंबईतल्या गिरणीचा संप लांबतच गेला, तेव्हा काशीराम गोताड वळकटी घेऊन गावी परतला. आरे-वाऱ्याच्या वरच्या अंगाला, कातळाच्या उघड्या सड्यावर त्याची वाडी. याआधी तो यायचा तो शिमग्याला नाहीतर गणपतीला, चार दिवसांपुरता. त्यामुळे चार वर्षांची राही त्याला बघितलं की आईच्या लुगड्याआड लपायची.

"अगो, बापूस हाय तुजा," सोनूबाई म्हणायची. राही मान हलवायची आणि पळून जायची.

सोनूबाई शेतावर गेली की राहीला देवळातल्या बालवाडीत सोडायचं काम काशीरामकडे आलं. बालवाडी मथुराबाई चालवायची. पोरं गाणी म्हणायची, खाऊ खायची आणि मग कंटाळून एकमेकांच्या झिंज्या उपटायची. काशीराम एकेकाळी गिरणीच्या टीममधून क्रिकेट खेळलेला. एकदा त्याने रबरी चेंडू आणून पोरांकडे हळूच टाकून बघितला. एकालाही तो मारता येईना. चेंडू पोटावर आदळून एक पोर रडलं, तशी बाकीची पांगली. राही तर पायरीवरून खालीच उतरली नाही.

मग त्याने बांबूची काठी पोरांच्या कमरेइतकी कापून देवळासमोर रोवली. वर करवंटी बसवली आणि तिच्यात चेंडू ठेवला. माडाच्या झावळीचा बुंधा तासून हलकी बॅट केली. आता चेंडू अंगावर येत नव्हता, जागचा हलत नव्हता. पोराने हवा तेवढा वेळ घ्यावा आणि मारावं. मारलं की धावत जाऊन मांडलेल्या जांभ्या दगडांना शिवून परत यायचं, एवढाच खेळ.

सुरुवातीला चेंडूऐवजी करवंटीच उडायची. चेंडू उडाला, तर दगड विसरून सगळीच त्याच्यामागे सुटायची.

"यात बाद कोन होतो?" मथुराबाईने विचारलं.

"ह्या वयात कोन बाद नाय," काशीराम म्हणाला.

राही कित्येक दिवस नुसती बघत होती. एका सकाळी ती स्वतःहून पुढे आली. काशीरामने मागे गुडघे टेकून तिचे हात बॅटीवर धरले आणि फिरवले. चेंडू पार आंब्याच्या कलमांभोवतीच्या दगडी गडग्यापाशी गेला. राही धावायचंच विसरली. वळून म्हणाली, "बाबा, अजून एकदा."

ही गोष्ट त्याने सोनूबाईला त्या दिवशी पुन्हापुन्हा सांगितली. ती हसली. "ऐकलं ओ मी," म्हणाली.

खोकला तो मुंबईतूनच घेऊन आला होता. कापसाच्या धुळीचा असेल म्हणून त्याने मनावर घेतलं नव्हतं. पावसाळा सरता सरता थुंकीत रक्त दिसलं. रत्नागिरीला नेऊन छातीचा फोटो काढला. टीबी निघाला.

"बरे व्हाल," डॉक्टर म्हणाले. "पण औषध चुकवायचं नाही. आणि सध्या लहान मुलांपासून लांब राहायचं."

"किती लहान?" काशीरामने विचारलं. डॉक्टरांना प्रश्न कळला नाही.

सोनूबाईचा भाऊ भिकाजी राहीला आजोळी, दाभोळला न्यायला आला. निघताना ती बापाकडे धावली. सोनूबाईने तिला मधेच उचललं. पडवीच्या टोकाला उभा असलेला काशीराम आणखी मागे सरला.

मग मथुराबाई आली. बराच वेळ अंगणातच घुटमळली. "काशीभाव, आया पोरांना पाठवत नायत. खेळ बंद करा म्हनतात."

"बरोबर हाय त्यांचं. काठी उपटून टाक," तो म्हणाला. "आनि चेंडू जाळ. बारकी पोरं तोंडात घालतात."

काही महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही. वाडीत ते कुणाला पटलं नाही, राहीच्या आजोळीही नाही. त्याला येताना बघून बायका पोरांना कडेवर घेत. शेवटी त्याने देवळाची वाट सोडली. कुठे जायचं झालं तर तो गडग्यांच्या बाहेरून वळसा घालून जाई.

वर्ष उलटून गेल्यावर औषध पुरं झालं. राहीला आणायला तो स्वतः दाभोळला गेला. ती आता शाळेत जात होती, उंच झाली होती. दुसऱ्या सकाळी त्याने अंगणात नवी काठी रोवली, नवा चेंडू ठेवला आणि तिला हाक मारली.

राहीने ते बघितलं. "ह्यो बारक्यांचा खेळ," ती म्हणाली. बोलण्यात राग नव्हता, काही नव्हतं. "तिकडं आमी लंगडी खेळतो."

"मग मला शिकव की."

तिने रेघा मारून दाखवल्या. काशीराम एक पाय उचलून तिच्यामागे निघाला. थोडंसं अंतर गेला नि त्याला धाप लागली, खोकला आला. तो खाली बसला.

बापूस खोकला की लांब व्हायचं, असं आजीने तिला नीट समजावून पाठवलं होतं. राही तुळशीपलीकडे जाऊन उभी राहिली. "झालं खोकून?" तिने तिथूनच विचारलं.

काशीरामचा खोकला थांबत नव्हता. हातानेच त्याने तिला तिथंच थांब म्हणून खुणावलं.