घड्याळबाईंचा शुक्रवार

प्रसूती विभागातल्या आयांनी थोरल्या सिस्टरना 'घड्याळबाई' म्हणायला सुरुवात केली, ती उगीच नाही. इतरत्र बाळं आपल्या मर्जीने येत. बाईंच्या वॉर्डात ती शुक्रवारी येत. सकाळी सातला कळा आणायचं सलाईन, संध्याकाळपर्यंत पाळणे भरलेले, आणि रविवारी डॉक्टर पोहायला मोकळे. ते एकटेच पोहायला जातात का, यावर आयांच्या पैजा लागत. पण तो विषय वेगळा.

सलाईन वाईट होतं असं नव्हे. रक्तदाब चढलेल्या कितीतरी जणी त्यानेच वाचलेल्या बाईंनी पाहिल्या होत्या. पण दहातल्या दोघींना लागायचं, ते बघता बघता सात जणींना लागू लागलं. रजिस्टरात 'कारण' असा रकाना होता. तो रिकामा दिसला की बाईंचा हात आपसूक चाले: 'गर्भाभोवती पाणी कमी'. एकदा एका नव्या डॉक्टरणीने विचारलं, "सिस्टर, सगळ्यांचं पाणी गुरुवारीच कसं हो आटतं?" बाईंनी तिला चहा पाजला आणि तिच्या लग्नाचा विषय काढला.

पुढे त्यांची लेकच पहिलटकरीण म्हणून तिथे आली. तारखेला दोन आठवडे होते, तपासणीत सगळं उत्तम. पण पुढच्या आठवड्यात डॉक्टर परगावी जाणार होते, आणि लेकीचं बाळंतपण परक्या हातात द्यायला बाईंचा जीव धजेना. गुरुवारी दुसऱ्या दिवशीच्या सलाईनच्या यादीत त्यांनी शेवटचं नाव लेकीचं घातलं. "शुक्रवारी आटपून टाकू गं, मी आहे ना," म्हणाल्या. रकान्यात हाताने नेहमीचंच लिहिलं.

लेकीचं शरीर तयारच नव्हतं. दिवसभर कळा आल्या, पण पिशवीचं तोंड काही उघडेना. शेवटी पोट उघडावं लागलं. नात धापा टाकत आली आणि नऊ दिवस काचेच्या पेटीत राहिली. आता ती टेबलावर चढून आजीलाच दटावते, म्हणजे तशी ठणठणीत आहे. पण टाके काढायच्या दिवशी लेकीने फाईल वाचली.

"आई, माझं पाणी कमी होतं?"

बाईंना हो म्हणता येईना. "नव्हतं," त्या म्हणाल्या.

लेकीने फाईल मिटली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं बाई अजून शेजारणीला सांगतात.

चार वर्षांनी लेकीला पुन्हा दिवस गेले. तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या. फोनवर लेक सगळं सांगायची; डोहाळे, पायाची सूज, नवऱ्याचा वेंधळेपणा. तारीख तेवढी सांगायची नाही. जावयाला खोदून विचारलं, तर तो खोकत आत निघून जायचा. नुसत्या चालीवरून दिवस मोजणाऱ्या बाई, पण लेक भेटायला आली की तिच्या पोटाकडे बघायचं टाळू लागल्या.

एका मंगळवारी भरदुपारी फोन आला. मुलगा झाला होता, दुसऱ्याच दवाखान्यात, आपसूक कळा येऊन. तिथल्या डॉक्टरांनी नीट लक्ष ठेवून वाट पाहिली होती.

बाईंनी विचारलं, "मला का नाही बोलावलंस गं?"

"तू घड्याळ बघितलं असतंस, आई."

फोन उचलतानाच बाईंनी भिंतीकडे पाहिलं होतं. दोन वाजून दहा मिनिटं.