झाकणामागचा फासा

खापरखेड्यात वर्षभर एक गोष्ट कानोकानी फिरली: पोटची पोरगी दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत असताना देवाजीनं तिच्या खाटेवर जुगार मांडला, डाव जिंकला आणि तिला ढसाढसा रडवलं. सांगणाऱ्या कॉलनीतल्याच कुसुमताई. त्या संत्री घेऊन नागपुरात, धंतोलीच्या दवाखान्यात भेटायला गेल्या होत्या आणि हे बघून दारातूनच परतल्या. संत्रीही परत आणली, एवढं मात्र त्या कुणाला सांगत नाहीत.

जुगार आणि देवाजी! दिवाळीत सगळी कॉलनी पत्ते कुटायची तेव्हा हा माणूस बायकोसोबत करंज्या भरत बसायचा. उभी हयात पॉवर हाऊसच्या कंट्रोल रूममध्ये गेली. तिथला एक दंडक त्याच्या हाडात मुरला होता: शिफ्ट संपली की पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा, आणि मशीन जशी आहे तशी सांगायची. पंप गळतोय तर गळतोय. लपवून घरी जाणाऱ्याशी देवाजी महिना महिना बोलत नसे. बायको प्रेमिला म्हणायची, "घरात बी चार्जच देते हा मानूस. भाजी खारट झाली तं खारटच म्हन्ते."

रोशनी त्यांची एकुलती एक. रविवारी मित्रांबरोबर ती फाशांचा एक खेळ खेळे. त्यात एक जण गोष्ट सांगतो. राक्षस, पहारेकरी, वादळ सगळं त्याच्या ताब्यात. बाकीचे एकेक पात्र होऊन आपण काय करणार ते बोलतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. रोशनीचं पात्र म्हणजे कमरेपर्यंत केस असलेली झिपरी नावाची चोरटी. मग रोशनीला रक्ताचा आजार निघाला, औषधांनी तिचे स्वतःचे केस गेले. वॉर्डात एका वेळी एकालाच पास, तेव्हा मित्र बाहेरच राहिले. दुपारचा पास देवाजीचा. गोष्ट सांगायला तोच उरला.

"झिपरी गुहेत शिरते," रोशनी म्हणाली. "सांगा बाबा, आत काय आहे?"

"परमिट घेतलं का?"

"कायचं परमिट?"

"बंद जागेत शिरायले परमिट लागते. अन् बाहेर एक मानूस उभा पाह्यजे."

"बाबा, ती चोर आहे!"

"चोर आहे म्हनून जीव फुकटचा आहे काय?"

रोशनी इतकी हसली की सिस्टर धावत आली.

हळूहळू देवाजी शिकला. राक्षसाच्या वाराचा फासा आपण टाकायचा. वीस बाजूंचा फासा, आकडा मोठा आला की वार झिपरीला लागला. गोष्ट सांगणारा आपला फासा आडोशामागे टाकतो हे कळल्यावर त्यानं जेवणाच्या डब्याचं झाकणच उभं केलं.

त्याच सुमाराला डॉक्टरांनी त्याला आणि प्रेमिलाला बाजूला घेऊन सांगितलं की औषध लागू होत नाही. प्रेमिलानं पदर तोंडात कोंबला, मग नवऱ्याचा हात धरून म्हणाली, "तिले सांगसान तं माह्या गळ्याची शपथ आहे."

तेव्हापासून झाकणामागे काहीही पडो, देवाजी म्हणे, "हुकला." रोज हुकला. जन्मात खोटा चार्ज न दिलेला माणूस, पण वार काही केल्या लागू देईना.

"बाबा, हा राक्षस आंधळा आहे का?" एका दुपारी रोशनीनं विचारलं.

"नवीन भरती आहे. शिकून राहिला."

ती हसली नाही. "झाकण काढा."

"काहून वं? नियमच आहे न तसा."

"आई म्हणते रंग सुधारला. डॉक्टर म्हणते पाहू. मामा म्हणते पुढच्या महिन्यात घरी. एक तं जागा ठेवा बाबा, जिथं पडलं ते पडलं."

देवाजीनं झाकण काढलं. फासा चादरीवर टाकला. एकोणीस.

"लागला," तो म्हणाला.

"मेली का झिपरी?"

"मेली."

रोशनी रडली. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा, उशीत तोंड न खुपसता, मोठ्यानं. नेमक्या तेव्हाच, वॉचमनची नजर चुकवून आलेल्या कुसुमताई दारात उभ्या होत्या. त्यांना फासा दिसला, रडणं ऐकू आलं. तेवढ्यावर त्या वळल्या.

त्या गेल्यावर रोशनीनं डोळे पुसले. "अन् माहा चार्ज?"

देवाजी उठून उभा राहिला. चार्ज बसून देत नाहीत.

"औषध लागू होत नाही, बाई. मले माहीत होतं."

तिनं चादरीवरचा फासा उचलून मुठीत धरला. मग म्हणाली, "बरं केलं सांगितलं. पण मले समजलं हे आईले कळू देऊ नका. तिले वाटू द्या का तिनं माह्यापासून लपवलं."

म्हणून चहाच्या टपरीवर, बुद्धविहाराच्या पायरीवर, लोक तोंडावर विचारत तेव्हाही देवाजी गप्पच राहिला. खेळलो असं म्हणावं तर जुगार, खरं सांगावं तर प्रेमिलाच्या कानावर जायचं. आता प्रेमिलाही राहिली नाही, म्हणून हे सांगायला हरकत नाही.

तो जुगार नव्हता. मुलीनं विचारलं आणि बापानं खरं सांगितलं. पुढच्या आठवड्यात ती गेली.