एक खातं, दोघी जणी

परवा सकाळी आमच्या सक्करदऱ्यातल्या अभ्यासिकेची नवी लॉगिन सिस्टीम सुरू करायला बसले. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं त्या वेबसाइटवर जागा बुक करतात, नोट्स ठेवतात आणि दर दोन दिवसांनी पासवर्ड विसरतात... मी तिथलीच जुनी विद्यार्थिनी, आता वेब डेव्हलपर, म्हणून हे काम माझ्या गळ्यात.

आता वेगळा पासवर्डच नको, आपल्या ईमेलच्या खात्यानेच आत यायचं. ओळख पटवायची ईमेलवाल्यांनी, आमच्या कोडने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. सेटिंगमधल्या परतीच्या पत्त्यात मी एक स्लॅश जास्त टाकला आणि त्यात अख्खी सकाळ गेली, ते सोडा.

मग जुनी खाती नव्या लॉगिनला जोडायची होती. खातं ज्या ईमेलवर, त्याच ईमेलने येणाऱ्याला ते मिळणार, असा नियम मीच लिहिला. सगळ्यांचं जुळलं, अडलं ते माझंच...

कारण ते खातं माझं एकटीचं नव्हतंच. तेव्हा माझ्याकडे फोन नव्हता, म्हणून मी आणि माझी मैत्रीण प्रणाली, दोघींनी तिच्या ईमेलवर एकच खातं काढलं होतं. तिने इतिहास लिहायचा, मी गणित, आणि एकमेकींच्या नोट्सखाली टोमणे मारायचे. अशी तीन वर्षं.

मग ती पास झाली, खाप्याजवळ तलाठी म्हणून गेली. मी तिसऱ्यांदा नापास. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू... तोवर माझ्याकडेही फोन आला होता, पण मी तिचे फोन उचलणं बंद केलं. पुढे हेवा गेला, पण फोन करायला तोंड राहिलं नव्हतं. खापा इथून तासाभरावर, तरी चार वर्षं गेले नाही.

डेटाबेसमध्ये एक ओळ बदलली असती तर त्या सगळ्या नोट्स माझ्या ईमेलला जोडल्या गेल्या असत्या. कर्सर तिथे नेलाही होता. पण मला नोट्स नकोच होत्या हो, मला प्रणाली हवी होती.

शेवटी सगळ्यांना गेला तोच मेसेज तिलाही पाठवला... 'कृपया नव्या पद्धतीने एकदा लॉगिन करा.' खाली स्वतःचं नाव टाकायचीही हिंमत झाली नाही.

दहा मिनिटांत लॉगमध्ये तिचा ईमेल दिसला. ती आत आली होती, आमची जुनी पानं एकेक करून उघडत होती... आणि मी इकडे श्वास रोखून बघत होते.

तेवढ्यात फोन वाजला. या वेळी उचलला.

"काहून वं, मलेबी सगळ्याइसारखाच मेसेज? वेबसाइट तूच करून राहिली, हे मले माहीत नाही का? चार वर्षं झाले, वाट पाहून राहिली मी."

मी नुसती रडत होते. मग तीच म्हणाली, "रविवारी ये जेवाले."

इतकी वर्षं मीच तिला दूर ठेवलं आणि तिने एका शब्दानेही हिशेब मागितला नाही. आज शुक्रवार... चार वर्षं काढली, पण हे दोन दिवस काही केल्या सरत नाहीयेत.