राऊत बाईंनी बदललेला प्रश्न

राऊत बाईंनी माझं काम परत केलं, तिथून आमची ओळख सुरू झाली. मी विरारच्या रुग्णालयातली नवखी परिचारिका. बाई आमच्या अध्यापिका. कॅन्सरमधून बरी झालेली माणसं आपल्या डॉक्टर-नर्सशी कितपत मोकळं बोलतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. मी हौसेने प्रश्न तयार करून नेले. ते वाचून बाई म्हणाल्या, आधी घरी आईला विचारून ये. आईने सगळ्याला "बरं आहे" म्हटलं आणि जेवायला थांबणार का, असं मलाच विचारलं. हे ऐकून बाई पोटभर हसल्या. झालं, तुला विषय कळला, म्हणाल्या.

आमच्या वसईत डॉक्टरांकडे कोणी रिकाम्या हाताने जात नाही. निर्मळची केळी, पाचूबंदरची ताजी मासळी, सगळं पोचतं. दुखणं तेवढं घरी राहतं. ज्याने जीव वाचवला, त्याच्यापुढे पुन्हा गाऱ्हाणं कसलं मांडायचं, ही इथली रीत. बाई स्वतः निर्मळच्या बागायतदार घरातल्या, त्यामुळे ही भीड त्यांना पाठ होती. "कसं वाटतंय?" हा प्रश्न त्यांनी काढूनच टाकला. त्या विचारू लागल्या, "हल्ली कोणतं काम सोडलंत?"

पाचूबंदरच्या लुसी मावशी मासळी विकतात. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून त्यांना काही वर्षं झाली होती. तपासणीला येत, डॉक्टरांना पापलेट देत आणि "बरी हाय" म्हणून परत जात. बाईंनी आपला प्रश्न विचारला तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, की टोपली आता मुलगी उचलते. बाईंनी हळूच मावशींचा पदर बाजूला केला. हात खांद्यापासून सुजलेला होता.

मावशींनी बाईंचा हात धरला. "डाक्टरला नको सांगू बाय. आजार परत आलाय, माला ठाव हाय. आदी पोरीचं लगीन होऊ दे."

मी चिडले होते. डॉक्टर पलीकडच्या खोलीत असताना गप्प कसं बसायचं? पण मावशींच्या संमतीशिवाय बाई एक शब्द बोलायला तयार नव्हत्या. त्यांनी मावशींना सोडलंही नाही. दुसऱ्या दिवशी मासळीचा लिलाव आटोपल्यावर त्या बंदरावर गेल्या, मावशींच्या ओट्यावर बसल्या. अशा ऑपरेशननंतर हात दुसऱ्या कारणानेही सुजतो, पण तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, हे त्यांनी खोटा धीर न देता समजावलं. तुम्ही बोला, मी शेजारी उभी राहीन, म्हणाल्या. शेवटी मावशी उठल्या आणि रुग्णालयात यायला त्यांनी साडी बदलली.

तपासण्या झाल्या. आजार परतलेला नव्हता. ऑपरेशननंतर हातात पाणी साठून सूज आली होती. पट्टी आणि व्यायामाने ती आटोक्यात राहणार होती. हे आपल्या नजरेतून सुटलं कसं, म्हणून डॉक्टरही हादरले होते. त्यांना बोल न लावता बाईंनी आपला प्रश्न त्यांच्या हवाली केला आणि आज ते तो प्रत्येकाला विचारतात, हे त्यांच्याही मोठेपणाचं. मावशी बाकावर बसून खूप रडल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "बाय, भूक लागली गं."

बाईंच्या मायेबद्दल किती लिहावं? माझं बाळ लहान असताना संशोधनाच्या बैठका त्यांनी माझ्या विरारच्या फ्लॅटमध्ये घेतल्या आणि बहुतेक वेळ बाळ त्यांच्याच मांडीवर असे.

आज बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. हा लेख लिहिते आहे, असं मी लुसी मावशींना सांगितलं. लेकीचं लग्न उरकून त्या आता नातवाची वाट पाहत आहेत. "लिव, माझं आयुष बाईला लागो," त्या म्हणाल्या, आणि लगेच थांबल्या. "नको, ते खोड. माझं माला ऱ्हाऊ दे. बाईला देव येगलं देल."

भरपूर द्यावं आणि निरोगी द्यावं, एवढंच आम्ही सगळे त्यात घालतो.