रुआन सूयुनने हरायचं ठरवलं तेव्हा

रुआन सूयुन आमच्या शाळेत इंग्रजी शिकवते, मी गणित. तिचा नवरा आणि मुलगी दूर निंगबो शहरात असतात. मुलगी हल्ली फोनवर दोन वाक्यं बोलते आणि फोन आजीकडे देते. तिथल्या एका शाळेत सूयुनला जागा मिळत होती, पण आमचे मुख्याध्यापक पंग सोडायला तयार नव्हते. "बाई, तुमच्यासारखं माणूस हातचं कोण जाऊ देईल?" कौतुकाने गळा आवळायचा तो असा.

वसंतात जिल्ह्याच्या स्पर्धेतला खुला पाठ आला. यात परक्या शाळांचे शिक्षक वर्गात मागे बसून पाहतात, आणि पाठ मुलांकडून आधी घोटून घेतलेला असतो. सूयुनने ठरवलं, यात आपटायचं. मला म्हणाली, "एकदा शाळेचं नाक कापलं की पंग स्वतः माझी बॅग भरून देतील."

पाठ 'टेक' या क्रियापदाचा. आमच्या चिनी भाषेत औषध खातात, गाडीत बसतात, परीक्षेला हजर राहतात. इंग्रजी हे सगळं 'टेक'वरच भागवते, आणि आमची मुलं हमखास औषध 'ईट' करून बसतात. सूयुनइतकं हे सोपं करून कोणी सांगत नाही. त्या दिवशी मात्र तिनेच फळ्यावर औषधापुढे 'ईट' लिहिलं आणि खडू खाली ठेवला. पंग घाम पुसू लागले.

तेवढ्यात वर्गप्रमुख थाओ मिन उठली. "बाई मुद्दाम चुकल्यात, आम्ही पकडावं म्हणून." तिने खडू घेऊन वाक्य सुधारलं. मग गाडीसाठी दुसरी धावली, परीक्षेसाठी तिसरा. बघता बघता मुलंच एकमेकांना शिकवू लागली. परीक्षक खूश, कारण हल्ली याचीच टूम आहे. पहिला क्रमांक आला.

पंग म्हणाले, "बाई, आता तालुक्याच्या शिक्षकांनाही तुम्हीच शिकवायचं. बदलीचं नावच काढू नका."

बाहेर थाओ मिन धावत आली. "बाई, बरं वाटत नव्हतं ना? आम्हाला कळलं. आम्ही असताना तुम्हाला पडू देऊ होय?"

"नाही गं," सूयुन म्हणाली आणि थाओ मिनच्या बाहीवरचा खडू झटकत राहिली.

मग शिक्षकांच्या खोलीत येऊन तिने घरी लावायला फोन काढला, आणि तसाच टेबलावर ठेवला.

"उद्या मुलीने विचारलं, 'आई, तुला कोणी अडवलं?'" ती म्हणाली, "तर कुणाचं नाव सांगू?"