पडद्यावरचा माझा फॉर्म

“जाधव म्हणजे ओपनच ना?”

एचआरच्या साहेबानं विचारलं आणि उत्तराची वाटही न बघता माऊस दाबला. ट्रेनिंग रूमच्या पडद्यावर माझ्या नावाखाली टिक उमटली. प्रवर्ग: खुला. त्याच्या वरची टिक त्यानं न विचारताच केली होती. धर्म: हिंदू.

खोलीत आम्ही चाळीस जण. सगळे चाकणच्या त्या कंपनीत कंत्राटी. पर्मनंटच्या सात जागा निघाल्या होत्या, त्याचे अर्ज भरायचे होते. अर्जाला जोडून परदेशातल्या हेड ऑफिसचा एक फॉर्म होता, समान संधीचा. तो लॅपटॉपवरच भरायचा. कसा भरायचा ते एकदा सगळ्यांना दाखवतो, म्हणाला साहेब. मी पहिल्या रांगेत बसले होते. “चला ताई, तुमचाच भरू.”

फॉर्मच्या डोक्यावर ठळक लिहिलं होतं. ही माहिती ऐच्छिक आहे. गोपनीय आहे. निवड करणाऱ्यांना दाखवली जाणार नाही. चाळीस जण ते वाचत होते. कुणालाच काही वाटलं नाही.

मी गप्प बसले. लोक काय बोलले ते नंतर सांगते, आधी मी काय केलं ते ऐका. मी गप्प बसले. वर बरंही वाटलं. म्हटलं, परस्पर मिटलं. आपण कुठं खोटं बोललो?

हे गप्प बसणं त्या एका दिवसाचं नव्हतं. आम्ही बौद्ध. वडील आकुर्डीच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले, फिटर होऊन रिटायर झाले. घरात त्यांचा नियम होता: विचारलं तर खरं सांगायचं, न विचारता सांगत सुटायचं नाही. आणि आडनाव जाधव. ते आमच्यातही असतं, मराठ्यांतही असतं. त्यामुळं लोक आडून आडून विचारायचे. मूळचे कुठले तुम्ही? पाव्हणे कुणीकडचे? मी गावाचं नाव सांगून मोकळी व्हायचे. सुनंदा सहा वर्षं माझ्या शेजारी उभी राहून माल तपासायची. कितीदा म्हणाली, येते गं एकदा देहूरोडला तुझ्याकडं. मी दर वेळी काहीतरी कारण काढलं. बाहेरच्या खोलीतला निळ्या कोटातला फोटो तिला दिसेल म्हणून. हे सांगताना लाज वाटते. वाटायलाच पाहिजे.

साहेब पुढं गेला. लिंग. लग्न झालंय का. अपंगत्व आहे का. मग शेवटची ओळ आली. ‘वरील माहिती खरी असल्याचे मी जाहीर करते.’

“इथं फक्त टिक मारायची, की झालं,” साहेब म्हणाला.

मी कोण हे हा माणूस ठरवतोय. आणि जाहीर मी करतेय. माझ्या बापाला पुसून टाकून.

“थांबा सर. वरचं चुकलंय.”

“काय चुकलं?”

“धर्म बौद्ध. प्रवर्ग एससी.”

त्यानं वळून माझ्याकडं नीट पाहिलं. तोवर पाहिलं नव्हतं. “अहो, राहू द्या ना ताई. त्यानं काही फरक पडत नाही.”

“पडत नाही ना? मग बदला.”

त्यानं बदललं. सावकाश. आधी एक टिक गेली, मग दुसरी. मागून कुणीतरी म्हणालं, “च्यायला, कळलंच नाही राव इतकी वर्षं.” दुसरा म्हणाला, “यांचं काय, यांचं काम झालंच समजा.” हसले. साहेबही हसला. मग म्हणाला, “बाकीच्यांनी एकेक करून पुढं या आणि आपापलं भरा.” आणि त्यानं प्रोजेक्टर बंद केला. माझं सगळं दाखवून झाल्यावर.

बाहेर सुनंदानं खांद्यावर हात ठेवला. “वाटत नाहीस गं तशी.”

प्रेमानं म्हणाली. तेच जास्त लागलं. तशी म्हणजे कशी, एवढंच विचारायचं होतं.

पंधरा दिवसांनी मुलाखत झाली. समोर तिघं. मी पास केलेला एकही नग सहा वर्षांत गिऱ्हाइकाकडून परत आला नव्हता. ते रजिस्टर मी बरोबर नेलं होतं. कुणी उघडलं नाही. मधला म्हणाला, “ट्रेनिंग रूममध्ये काहीतरी झालं म्हणे? तुम्ही जरा लवकर मनाला लावून घेता का?”

म्हणजे यांना सगळं माहीत होतं.

यादी लागली. त्यात माझं नाव नव्हतं. सुनंदाचं होतं. मायक्रोमीटर हातात कसा धरायचा हे तिला मी शिकवलेलं. तिच्यावर राग नाही, ती काम चांगलं करते. पण साहेबाला विचारलं तर म्हणाला, “तुमचं प्रोफाइल बसत नाही.” आता यावर काय बोलायचं? फॉर्म त्यांच्या लॅपटॉपमध्ये. पडद्यावर काय दिसलं त्याचा कागद कुठं असतो? त्या चाळीस जणांतला एकही माझ्यासाठी तोंड उघडणार नाही. नवरा म्हणाला, “एक टिक राहू दिली असतीस तर आज पर्मनंट असतीस.” खरंही असेल. मोरीत नळ सोडून रडले. दुसरं काय करता येत होतं?

मग अर्ज लिहिला. माझी गोपनीय माहिती चाळीस जणांना का दाखवली? मुलाखत घेणाऱ्यांना कुणी सांगितली? दोन प्रती केल्या. एक त्यांना द्यायची, दुसरीवर पोच म्हणून शिक्का घ्यायचा. ऑफिसच्या खिडकीतला माणूस म्हणाला, “पोच मिळत नाही. ठेवून जा.” आणि हळूच, “तुमचं कंत्राट मार्चला संपतंय ना? कशाला वाढवताय?”

तीनदा गेले. तीनदा तेच. अर्ज ठेवला नाही मी. बिनशिक्क्याचा कागद ठेवला की तो गेलाच. नोकरी मिळणार नाही, हे कळतं मला. कंत्राटही जाईल बहुतेक. मुलीची फी आहे, घराचा हप्ता आहे, भीती वाटते.

उद्या जेवणाच्या सुट्टीत परत जाणार आहे. त्या वेळी खिडकीसमोर रांग असते. पोच नाही म्हणाला, की तिथंच उभं राहून अर्ज मोठ्यानं वाचायचा. नाव, धर्म, प्रवर्ग, सगळं. संपला की पुन्हा पहिल्यापासून. शिक्का पडेपर्यंत.